मॉडेल हे एकट्या तज्ज्ञाचे काम नव्हे

कृष्णेच्या पुराची चर्चा निघाली की सांगलीत असे मत ऐकू येते की, पुराचे मॉडेल (नदी, बांध आणि वस्ती यांचा एकमेकांवरील परिणाम दाखवणारे संगणकीय प्रतिरूप) हे संगणकतज्ज्ञाने एकट्याने करायचे काम असून त्यासाठी पाटबंधारे, महापालिका, महसूल खाते आणि नदीकाठचे शेतकरी यांना एकत्र बसवणे हा निव्वळ उपचार आहे. हा समज चुकीचा आहे. अभियंते जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये मांडलेल्या ‘सिस्टिम डायनॅमिक्स’मधून (एखाद्या व्यवस्थेतील घटक एकमेकांवर चक्राकार परिणाम कसे करतात हे अभ्यासण्याच्या पद्धतीतून) गटाने मॉडेल उभारण्याची पद्धत पुढे आली, ती मुख्यतः आवश्यक माहितीचा मोठा भाग तक्त्यांत नसून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या डोक्यात असतो म्हणून.

कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि वारणा हरिपूरला, हे नकाशाही सांगतो. परंतु बांध घातल्याने सुरक्षित वाटू लागलेल्या जागी बांधकामे वाढतात आणि त्यांच्या रक्षणासाठी पुन्हा बांधाची मागणी होते, हे चक्र नगररचना आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्या फायली वेगळ्या असेपर्यंत कागदावर उतरत नाही. मात्र सर्वांची सहमती (तीही विरळाच) म्हणजे पुरावा नव्हे. मॉडेलमधील पाण्याचा भाग २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांतील सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पातळीशी, तर वस्तीचा भाग बांधकाम परवान्यांच्या नोंदींशी ताडून पाहावाच लागतो.