कीझर
कीझर : घरी केलेली बिअर पिंपात थंड राखून तोटीने काढून घेण्यासाठी जुन्या आडव्या डीप फ्रीझरचे रूपांतर करून बनवलेले साधन. ‘केग’ (पिंप) व ‘फ्रीझर’ हे शब्द जोडून हे नाव अमेरिकेत रूढ झाले. उभ्या रेफ्रिजरेटरच्या अशाच रूपांतरास ‘केगरेटर’ म्हणतात. ते नाव आधीचे असावे.

बिअर व प्रशीतन (थंड करण्याची क्रिया) यांचा संबंध घरगुती फ्रिजहून जुना आहे. मद्यशाळेत (बिअर बनवण्याच्या कारखान्यात) यांत्रिक प्रशीतन प्रथम कोणी आणले याविषयी एकमत नाही. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन यांनी १८५० च्या दशकात ईथरवर चालणारे यंत्र केले व त्याचा संबंध बेंडिगो येथील मद्यशाळेशी जोडला जातो. जर्मन अभियंते कार्ल फोन लिंडे यांचे यंत्र म्यूनिकच्या श्पाटन मद्यशाळेत बसले ते १८७० च्या दशकात. अग्रमान हॅरिसन यांचा असला, तरी हे तंत्र मद्यशाळांत रुळले ते लिंडे यांच्यामुळे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअरला नाही. ती देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली. दोन प्रौढांच्या घरास वर्षाला २०० गॅलन (सु. ७५७ लि.) ही मर्यादा. पुढे शीतपेयांचा अर्क पुठ्ठ्याच्या खोक्यातील पिशव्यांतून येऊ लागला आणि त्या धंद्यातील पाच गॅलनी (सु. १९ लि.) पोलादी पिंपे भंगारभावात मिळू लागली. कीझरचा प्रसार बहुधा यानंतरचा.

रचनेत कळीचा प्रश्न भोक कोठे पाडायचे हा. डीप फ्रीझरच्या भिंतींत शीतक वायूच्या नळ्या दडलेल्या असतात. ड्रिल त्यांत घुसले की यंत्र संपले. म्हणून पेटी व झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून तोट्या तिच्यातून काढतात. चौकटीमुळे उंचीही वाढते. उभ्या फ्रिजच्या दारात सहसा नळ्या नसतात, त्यामुळे तेथे हे काम सोपे.

डीप फ्रीझर उणे १८° से.साठी बनवलेला असतो, तर बिअर ३–४° से.ला हवी. म्हणून बाहेरचा तापनियंत्रक वीजप्रवाह तोडतो-जोडतो. त्याचा संवेदक हवेत लोंबता ठेवण्यापेक्षा पिंपाला चिकटवावा. हवेचे तापमान क्षणात बदलते, द्रवाचे नाही. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर लगेच सुरू होऊ नये म्हणून काही मिनिटांचा विलंबही ठेवतात. थंड हवा तळाशी साचते, तिला लहान पंखा पुरतो. या तापमानास कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब १०–१२ पौंड प्रति चौ. इंच ठेवल्यास नेहमीचा फेस मिळतो.

हेच साधन तोट्यांविना किण्वनकक्ष (बिअर आंबवण्याची जागा) म्हणूनही वापरतात: एल या बिअरच्या प्रकारासाठी सु. १८–२२°, लागर या प्रकारासाठी ८–१३° से. थंडीत आत उष्णतेची लहान गादी ठेवतात.

बंद पेटीत कार्बन डाय-ऑक्साइड वायू गळून साचला तर वाकून डोके आत घालणे धोक्याचे ठरते. खटक्याचे दार असलेल्या जुन्या फ्रिजमध्ये मुले कोंडून दगावल्याने अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला. अशा जुन्या फ्रिजचा खटका आधी काढावा.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.