टॅटूच्या सुईला भोक नसतं

टॅटू म्हणजे शाईची हजारो इंजेक्शनं, असं सर्रास बोललं जातं. टॅटू काढून आलेली मंडळीही हेच सांगतात आणि ऐकणारे अंग चोरून घेतात. पण यातला ‘इंजेक्शन’ हा शब्द साफ चुकीचा आहे. डॉक्टरांच्या हातातली सुई पोकळ असते. मागे सिरिंज असते, दट्ट्या दाबला की औषध सुईच्या पोटातून आत जातं. टॅटूची सुई अख्खी भरीव पोलादाची असते. तिला भोक नसतं, आणि शाईला आत ढकलणारा दट्ट्या किंवा पंपही मशीनमध्ये कुठे नसतो. मोटर एकच काम करते, सुईला वर-खाली नाचवणं. तरीही शाई त्वचेत जाते आणि माणसाच्या मरणापर्यंत तिथेच राहते. हे कसं घडतं, ते मला टॅटूमधल्या चित्रापेक्षाही सुंदर वाटतं.

आपण ‘सुई’ म्हणतो तो बहुतेक वेळा सुयांचा जुडगा असतो. पाकिटावर १२०७ आरएल असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातले पहिले दोन आकडे जाडीचे. १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३० आणि ८ म्हणजे ०.२५. पुढचे दोन आकडे सुया किती ते सांगतात, इथे सात. आरएल म्हणजे राउंड लाइनर, म्हणजे रेघा ओढण्यासाठी गोलाकार घट्ट बांधलेल्या सुया. छटा भरायचे शेडर थोडे सैल बांधलेले असतात. मॅग्नममध्ये सुया दोन ओळींत, पसरट कुंच्यासारख्या लावलेल्या असतात, त्या मोठा भाग भरायला वापरतात. या सगळ्या सुया एका दांडीला डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात. हल्ली हा सगळा जुडगा प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला मिळतो.

आता भिंगातून बघा. कार्ट्रिजचं टोक शाईच्या टोपणात क्षणभर बुडवलं की काळी शाई सुयांमधून सरसर वर चढते. टोक बाहेर काढून उलटंसुलटं केलं तरी ती सांडत नाही. सुया ओल्या, काळ्या, चकचकीत दिसतात आणि त्यांच्या मधल्या खाचा काठोकाठ भरलेल्या असतात. शाई सुईच्या आत नाही, ती सुयांच्या मधल्या फटीत आहे. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तेच हे केशाकर्षण, शाळेत काचेच्या बारीक नळीत पाणी चढवून दाखवतात तेच. द्रवाचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटू पाहतात, पृष्ठताण द्रवाचा पापुद्रा ताणून धरतो, आणि दोन्ही मिळून द्रवाला अरुंद जागेत ओढून नेतात. जागा जितकी अरुंद तितकी ओढ जास्त.

ही फट किती अरुंद असते, याचा हिशेब कागदावर करता येतो. रुपयाची सात नाणी टेबलावर ठेवा, एक मध्ये आणि सहा त्याच्याभोवती. ती एकमेकांना अचूक चिकटून बसतात. सात सुयांचा लाइनर आडवा कापला तर हीच रचना दिसेल. एकमेकींना टेकलेल्या तीन सुयांच्या मध्ये जी तिकोनी फट राहते, तिच्यात बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या सुईच्या त्रिज्येच्या साधारण १५ टक्के असते. सुई ०.३५ मिलिमीटरची असेल, तर ही त्रिज्या २७ मायक्रॉनच्या आसपास येते. म्हणजे ही जागा आपल्या केसापेक्षा बारीक झाली. एवढ्या त्रिज्येच्या उभ्या नळीत साधं पाणी सुमारे अर्धा मीटर उंच चढू शकतं. शाईत अल्कोहोल, ग्लिसरीन वगैरे असल्यामुळे तिचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी भरतो, पण तरी ओढ भरपूर उरते. सुयांची लांबी विचारात घेता गुरुत्वाकर्षण इथे अगदी दुबळं ठरतं. म्हणूनच आर्टिस्ट मशीन तिरकं धरो की आडवं, शाई जागची हलत नाही.

पण सुई स्थिर नसते, आणि खरी गंमत इथूनच सुरू होते. मशीन सेकंदाला १०० वेळा सुई मारतं असं धरू (प्रत्यक्षात ८० ते १५० च्या दरम्यान काहीही असतं) आणि सुईचा एकूण प्रवास ३.५ मिलिमीटर धरू. ही सरल आवर्त गती मानली तर सुईचा सर्वाधिक वेग सेकंदाला जेमतेम १.१ मीटर निघतो. ताशी ४ किलोमीटर, आपल्या चालण्याइतका! त्वरण मात्र छाती दडपवणारं आहे. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले आयाम (एकूण प्रवासाच्या निम्मा), म्हणजे सुमारे ६९० मीटर प्रतिसेकंद वर्ग. हे गुरुत्वत्वरणाच्या ७० पट झालं. दर फेरीत दोन्ही टोकांना, जिथे सुई क्षणभर थांबून उलटी फिरते, तिथे फटीतल्या शाईला आपलं वजन ७० पट झाल्यासारखं ‘वाटतं’.

फटीत ५ मिलिमीटर उंचीचा शाईचा स्तंभ आहे असं समजा. ७० पट वजनामुळे तो ३५ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका जोर लावतो. आणि केशाकर्षण किती उंचीचा स्तंभ पेलू शकतं? पाण्यासाठी अर्धा मीटर, शाईसाठी त्याहून थोडं कमी. दोन्ही आकडे जवळपास एकाच मापाचे निघाले! शाई धरून ठेवणारी ओढ आणि तिला झटकून टाकणारा जोर या दोहोंची रस्सीखेच जवळजवळ बरोबरीत आहे, म्हणूनच शाई फटीत राहतेही आणि टोकाशी सुटतेही. टोकाकडे सुया निमुळत्या होतात, त्यामुळे तिथली फट रुंदावते आणि पकड ढिली पडते. शाई सुटायला हवी ती नेमकी तिथेच. आता वेग सेकंदाला १५० पर्यंत नेला तर त्वरण दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं, कारण वारंवारतेचा वर्ग येतो. पारडं झुकतं आणि शाईचे शिंतोडे उडू लागतात. हा सगळा ढोबळ हिशेब आहे. खरी फट सरळ नळीसारखी नसते आणि शाईचा चिकटपणाही यात धरलेला नाही. पण मशीन जोरात पळवलं की शाई का उडते, याचं कारण त्यातून कळतं.

त्वचेत शिरताना काय होतं? सुई टेकली की त्वचा आधी खळीसारखी आत दबते आणि मग फाटते. म्हणूनच आर्टिस्ट दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरतो. सैल त्वचा नुसती दबते आणि उसळते, सुई नीट शिरत नाही, रेघ थरथरते. सुई बाहेर येते तेव्हा ती जागा क्षणभर रिकामी होते, तिथला दाब कमी असतो आणि सुईवरची व वर साचलेली शाई त्या भोकात ओढली जाते. पुढचा घाव हजर असतोच. जास्तीची बरीच शाई वरच राहते आणि पुसून टाकावी लागते. टॅटू काढताना आर्टिस्टचा निम्मा वेळ पुसण्यात जातो तो त्यामुळेच.

सुया वाढल्या की तोच जोर अनेक टोकांत वाटला जातो आणि एकेका टोकाखालचा दाब उतरतो. त्यामुळे मोठ्या मॅग्नमला ताकदीची मोटर लागते. एकटी सुई मात्र हलक्या हातानेही खोल जाते, नवशिक्याच्या हातून तर नको तितकी खोल. खिळ्यांच्या फळीवर आरामात झोपून दाखवणारा बुवा याच नियमावर पोट भरतो. शेकडो खिळ्यांत वजन वाटलं गेलं की एकही खिळा कातडीत घुसत नाही. सिद्धी बिद्धी काही नाही, क्षेत्रफळ आहे. त्या बुवाला एकाच खिळ्यावर झोपायला सांगा आणि काय करतो ते पाहा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हे सांगत आले आहेत, पण भक्तांची रांग काही कमी होत नाही.

सुई पोचायला हवी ती १ ते २ मिलिमीटर खोल. वरची बाह्यत्वचा शरीराच्या बहुतेक भागांवर दशांश मिलिमीटरच्या आसपास असते आणि साधारण महिनाभरात तिच्या पेशी झडून नव्या येतात. शाई तिथेच राहिली तर पेशींबरोबर गळून जाते. त्याखालच्या अंतस्त्वचेत पोचली तर टिकते. त्याही खाली, चरबीत गेली तर पसरते आणि रेघेभोवती निळसर धूसर डाग उमटतो. त्याला आर्टिस्ट ब्लोआउट म्हणतात. मनगटाच्या आतल्या बाजूला त्वचा पातळ असते, तिथे ही चूक लवकर होते.

अंतस्त्वचेत शाई टिकते ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेमुळे. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावून येतात, रंगाचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. त्या पेशी आयुष्यभर जगत असाव्यात, असाच अनेकांचा समज होता. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवा टॅटू काढला आणि नंतर त्या भागातल्या या पेशी मारून टाकल्या. टॅटू होता तसाच राहिला! पेशी मेल्यावर कण तिथेच मोकळे पडले आणि पुढे आलेल्या नव्या पेशींनी ते गिळले. म्हणजे टॅटू एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सोपवला जातो. जाहिरातींत ‘दोन वर्षांत आपोआप जाणारा टॅटू’ दिसतो, त्यावर विश्वास ठेवण्याआधी हे लक्षात घ्या. भुवयांवर उथळ भरलेले हलके रंग फिके पडतात हे खरं, पण ठरल्या तारखेला साफ पुसले जातील असा कप्पा त्वचेत कुठेही नाही.

यंत्राचा इतिहास दोन वाक्यांत सांगतो. एडिसनने १८७६ साली कागदाला भोकं पाडून स्टेन्सिल बनवणाऱ्या विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यांनी त्याच कल्पनेवर टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. मोटर नवी होती, फट जुनीच. आपल्याकडे गोंदणाऱ्या बायका दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून काजळीत बुडवत आणि आजीच्या कपाळावर, हातावर ठिपके उठवत. सुया बांधायच्या कशासाठी, ते आता वेगळं सांगायला नको.

या सुईची एक सख्खी बहीण आहे आणि तिचे उपकार आपल्यावर फार मोठे आहेत. देवीची लस टोचायची दुतोंडी सुई, बेंजामिन रुबिन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार केलेली. तीही भरीव. टोकाला दोन दात, आणि दातांच्या मध्ये केशाकर्षणाने अडकलेला लसीचा इवलासा थेंब. दंडावर १५ वेळा झटपट टोचायचं, बस्स. तेवढीच लस पूर्वीपेक्षा चौपट लोकांना पुरू लागली आणि ती टोचायला शिकणं गावातल्या कार्यकर्त्यालाही जमू लागलं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ज्यांच्या दंडावर तो वण अजून आहे, त्यांतल्या अनेकांच्या त्वचेत या भौतिकशास्त्राची खूण आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते. फटीला शाई आणि रक्त यांतला फरक कळत नाही. जी ओढ शाई वर चढवते तीच रक्तही चढवते, आणि केसाहून बारीक जागेत शिरलेलं रक्त कापसाने पुसून किंवा स्पिरिटमध्ये बुचकळून निघत नाही. जत्रेत एकाच मशीनने रांगेतल्या प्रत्येकाचं नाव गोंदून देतात, मधे सुई फडक्याला पुसतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. ‘सुई पोकळ नाही, म्हणजे धोका नाही’ हा युक्तिवादही मी ऐकला आहे. पोकळी सुईच्या आत नसली तरी सुयांच्या मध्ये आहेच! उकळत्या पाण्याचे १०० अंशही पुरेसे नाहीत, काही जिवाणूंचे बीजाणू त्यातून तगतात. त्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, म्हणजे ऑटोक्लेव्ह. त्यामुळे एक सुई, एक माणूस आणि मग ती थेट धारदार कचऱ्याच्या डब्यात, याला दुसरा पर्याय नाही. शाईच्या टोपणाचंही तेच. एकाच्या टॅटूसाठी ओतलेली शाई दुसऱ्याला वापरायची नाही, कारण सुई दर खेपेला तिच्यात थोडं रक्त सोडून येते. चांगल्या कार्ट्रिजमध्ये आत एक रबरी पडदा असतो, तो शाई-रक्त मागे मशीनच्या मुठीत जाऊ देत नाही. स्वस्त कार्ट्रिजमध्ये तो कधीकधी नसतोच.

ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे, म्हणजे खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते, त्यांच्यासाठी अजून एक गोष्ट. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याचे कण इतके कठीण असतात की ते सुईलाच घासतात, आणि झिजलेल्या पोलादातलं निकेल व क्रोमियम त्वचेत उतरतं. जर्मन संशोधकांच्या गटाने २०१९ मध्ये हे दाखवलं. काळ्या कार्बनच्या शाईत अशी झीज त्यांना आढळली नाही.

टॅटू काढायला बसाल तेव्हा सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावर निर्जंतुकीकरणाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि बऱ्याचदा निर्जंतुक झाल्यावर रंग बदलणारा एक ठिपका असतो. १२०७ आरएलचा अर्थ आता तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा कुठली सुई वापरणार आणि का, हेही विचारा. नीट काम करणारा आर्टिस्ट आनंदाने सांगतो. जो टाळाटाळ करेल, त्याच्या खुर्चीतून सरळ उठून या.