लेकॉक

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील विल्टशर परगण्यातले एक लहान खेडे. चिपनमच्या दक्षिणेस सुमारे ५ किमी. अंतरावर, एव्हन नदीच्या पश्चिमेकडील सखल कुरणांना लागून ते वसले आहे. (ही एव्हन बाथ आणि ब्रिस्टलकडे वाहते, शेक्सपिअरच्या गावची एव्हन वेगळी.) चार रस्त्यांचा एक चौकोन, एवढाच गावाचा पसारा. पायी फिरायला अर्धा तास पुरतो. पण इथले बघण्यासारखे ते भिंतींत आणि छपरांत आहे, म्हणून घाई करू नये.

जुनी घरे लाकडी चौकटीची. ओकचे खांब आणि तुळया, मधल्या खणांत काठ्यांचा कूड, त्यावर मातीचा लेप. त्यांना खेटून चुनखडीच्या दगडाची आणि नंतरच्या काळातील विटांची घरे उभी आहेत. छपरांवर दगडी फरश्या. त्यांच्या वजनाने वासे वाकत गेले आणि आढ्याच्या रेषा लाटेसारख्या झाल्या. चर्च स्ट्रीटवरील एका घराच्या बाजूच्या भिंतीत ‘क्रक’ उघडा दिसतो. वाकडे वाढलेले ओकचे खोड उभे चिरायचे आणि त्याचे दोन भाग वर एकमेकांना टेकवायचे, की जमिनीपासून आढ्यापर्यंत कमान तयार होते. छपराचा भार भिंतीवर न येता या कमानीवर येतो. गावातले सर्वांत सुंदर बांधकाम कोणते, असे विचारले तर प्रस्तुत लेखक याच भिंतीकडे बोट दाखवील.

ईस्ट स्ट्रीटवर १४ व्या शतकातील धान्यकोठार आहे. कुळांनी गावच्या ख्रिस्ती मठाला द्यायचा दशमांश धान्य, लोकर अशा मालाच्या रूपाने इथे जमा होई. कोठाराला लागूनच घुमटाकार माथ्याची चिमुकली दगडी कोठडी आहे. १८ व्या शतकात दारू पिऊन दंगा करणाऱ्यांना रात्रभर तिच्यात डांबत. तिला खिडकी नाही, म्हणून अशा कोठडीला त्या भागात ‘आंधळे घर’ म्हणतात.

हे गाव वाढले ते मठाच्या आश्रयाने. सॉल्झबरीची काउंटेस एला हिने पतीच्या निधनानंतर १२३२ मध्ये ऑगस्टिनियन नन्ससाठी या मठाची पायाभरणी केली. विल्टशरच्या शेरीफपदाचा, म्हणजे परगण्यातील राजाच्या मुख्य अधिकाऱ्याच्या पदाचा, कारभारही तिने पाहिला होता. स्त्रीकडे हे पद जाणे त्या काळी फारच विरळा. पुढे ती स्वतः मठाची प्रमुख झाली. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेची १२२५ ची एक प्रत या मठात शतकानुशतके जपली गेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आठव्या हेन्रीच्या फर्मानाने १५३९ मध्ये मठ बंद झाला. पुढच्या वर्षी विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला, मठाचे चर्च पाडले, पण चौकाभोवतीच्या ओवऱ्या आणि नन्सची शेकोटीची खोली ठेवून त्यांवरच आपला वाडा चढवला. त्याने उभारलेला अष्टकोनी मनोरा अजून आहे. वाडा नंतर टॅलबट घराण्याकडे गेला. गावचे सेंट सिरिएकचे चर्च मात्र स्वतंत्र असल्याने वाचले.

वाड्याच्या दक्षिण बाजूच्या सज्जात एक पुढे आलेली खिडकी आहे. ऑगस्ट १८३५ मध्ये याच घराण्यातील छायाचित्रणाचा एक आद्य प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने चांदीच्या क्षारांनी संस्कारित केलेला कागद एका छोट्या कॅमेऱ्यात घालून तिचे चित्र टिपले. असे डबे तो घरभर ठेवी, म्हणून त्याची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना ‘उंदराचे सापळे’ म्हणे. टपाल तिकिटाएवढे ते चित्र आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह मानले जाते. चित्र नवे असताना भिंगातून खिडकीची सुमारे २०० तावदाने मोजता येत, अशी टॅलबटची टिपणी आहे. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती काढण्याची त्याची पद्धत पुढे जगभर गेली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा त्या खिडकीच्या चित्राला १९ वर्षे झाली होती.

इतके सारे टिकण्याचे कारण मालकीत आहे. लोकरीच्या कापडाचा धंदा यंत्रयुगात उत्तरेकडे गेला आणि लेकॉकला नवी बांधकामे करण्याइतका पैसा उरला नाही; शिवाय जवळजवळ सगळी घरे एकाच घराण्याची. टॅलबटची नात मटिल्डा हिने १९४४ मध्ये वाडा आणि गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. या दानाचे मोल कितीही सांगितले तरी कमीच. घरांत आजही भाडेकरू कुटुंबे राहतात, शाळा भरते. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा दिसत नाहीत, त्यामुळे जुन्या काळातील चित्रपटांचे चित्रीकरण इथे वारंवार होते.

चर्चपलीकडे रस्ता उतरतो तिथे बाइड ब्रुक हा ओहोळ थेट रस्त्यावरून वाहतो. गाड्या पाण्यातून जातात. पायी चालणाऱ्यांसाठी शेजारी एकेकाळच्या ओझ्याच्या तट्टांचा अरुंद दगडी पूल आहे. त्यापुढे एव्हनची कुरणे लागतात आणि पावसाळी हिवाळ्यात नदी त्यांवर पसरते.