आर्सेनिकवर जगणारा जीवाणू आणि पंधरा वर्षं चाललेली तपासणी

२ डिसेंबर २०१० रोजी नासाने पत्रकार परिषद घेऊन एक जीवाणू जगासमोर आणला: जीएफएजे-१. तो सापडला कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराच्या गाळात. आपल्या लोणारसारखंच हे पाणी खारट आणि अल्कधर्मी, शिवाय त्यात आर्सेनिकही भरपूर. फेलिसा वुल्फ-सायमन आणि सहकाऱ्यांचा दावा असा होता, की सर्व सजीवांना लागणारा फॉस्फरस मिळेनासा झाला की हा जीवाणू त्याच्या जागी आर्सेनिक वापरतो, अगदी डीएनएमध्येसुद्धा. शोधनिबंध ‘सायन्स’सारख्या मातब्बर नियतकालिकाचा. छापण्याआधी तज्ज्ञांनी तो तपासून पास केलेला.

दोनच दिवसांनी कॅनडातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी इंटरनेटवर त्याची सविस्तर चिकित्सा मांडली. त्यांचे प्रश्न प्रयोगशाळेत रोज काम करणाऱ्या माणसाला पडावेत असे होते. ज्या द्रावणात जीवाणू वाढवले ते फॉस्फेटमुक्त (फॉस्फेट म्हणजे सजीव वापरतात ते फॉस्फरसचं रूप) म्हणायचं, पण वापरलेल्या क्षारांतूनच लिटरमागे सुमारे ३ मायक्रोमोल फॉस्फेट त्यात आलं होतं. काटकसरीने जगणाऱ्या जीवाणूला तेवढं पुरत नसेल कशावरून? आणि डीएनएमध्ये आर्सेनिक आढळलं म्हणता, पण मोजण्याआधी तो डीएनए नीट धुतला होता का? बाहेरून चिकटलेलं आर्सेनिकही मोजमापात येणारच. इतरांनी रसायनशास्त्राकडे बोट दाखवलं: डीएनएमध्ये फॉस्फेटच्या जागी आर्सेनेट (आर्सेनिकचं तसंच रूप) आलं, तर त्याचे बंध पाण्यात क्षणार्धात तुटतात, मग हा डीएनए पाण्यात टिकला कसा?

मूळ संशोधकांचं म्हणणं होतं, की चर्चा तज्ज्ञ-परीक्षण झालेल्या लेखनातूनच व्हावी. मला हे पटत नाही. प्रश्न बरोबर असेल तर तो कुठे विचारला याने काय फरक पडतो? छापण्याआधी मोजकेच परीक्षक निबंध वाचतात, आणि प्रत्येक तंत्रातला जाणकार त्यांच्यात असेलच असं नाही. छापून आल्यावर मात्र जगभरचे जाणकार तो वाचतात. मात्र तेव्हा वुल्फ-सायमन यांच्यावर व्यक्तिशः जी चिखलफेक झाली, तिला परीक्षण म्हणता येणार नाही. ती व्हायला नको होती.

आधी ऑनलाइन आलेला निबंध जून २०११च्या छापील अंकात आला तो आठ आक्षेप आणि त्यांवरच्या उत्तरासह. मूळ गटाने तो जीवाणू इतरांना दिला, हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवायला हवं. जीवाणू हाती आल्यावर रेडफिल्ड स्वतः प्रयोगाला लागल्या आणि नोंदी इंटरनेटवर खुल्या ठेवत गेल्या. जुलै २०१२मध्ये त्यांच्या आणि झुरिकच्या एका गटाचे निबंध ‘सायन्स’नेच छापले. डीएनए नीट शुद्ध केल्यावर त्याला जोडलेलं आर्सेनिक सापडलं नाही. झुरिकच्या गटाला दिसलं, की फॉस्फेट फारच घटवलं तर हा जीवाणू वाढत नाही. मात्र लिटरमागे १.७ मायक्रोमोल असलं तरी त्याचं भागतं.

मग एवढ्या आर्सेनिकात तो तग धरतो कसा? मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. आर्सेनेट आणि फॉस्फेट ही जवळजवळ जुळी भावंडं, भल्याभल्या प्रथिनांना चकवणारी. इस्रायलमधल्या दान तौफिक यांच्या गटाने २०१२मध्येच दाखवलं, की जीएफएजे-१चं फॉस्फेट पकडणारं प्रथिन आर्सेनेटपेक्षा फॉस्फेटला किमान ४,५०० पट अधिक पसंती देतं. म्हणजे आर्सेनिक खाणारा म्हणून गाजलेला हा जीव प्रत्यक्षात आर्सेनिकच्या ढिगातून फॉस्फेटचे कण वेचत होता.

जुलै २०२५मध्ये ‘सायन्स’ने मूळ निबंध मागे घेतला. लबाडीचा आरोप नव्हता. प्रयोगांवरून मुख्य निष्कर्ष सिद्ध होत नाही, एवढंच कारण दिलं. लेखकांना तो निर्णय मान्य नाही, आणि तसं त्यांनी लेखी कळवलं आहे.