चांदीचे नॅनोकण टाकले की एलईडी १४ पट उजळतो? नाही हो

हा दावा कधीपासून फिरतोय. १४ चा आकडा खोटा नाहीये, २००४ साली ओकामोटो आणि त्यांच्या सहसंशोधकांनी नेचर मटेरियल्स या विज्ञान नियतकालिकात तो छापला, पण तिथे कण नव्हतेच, चांदीचा पातळ थर होता, तोही इंडियम गॅलियम नायट्राइडच्या (निळ्या एलईडीतला अर्धवाहक) प्रकाश देणाऱ्या थरापासून जेमतेम १० नॅनोमीटरवर, आणि सँपलला करंट दिलाच नव्हता, लेझर मारून चमक मोजली होती.

मुळात धातू स्वतः उजेड तयार करत नाही. एलईडीत इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) जुळले की ऊर्जा एकतर उजेड होते नाहीतर उष्णता होऊन वाया जाते, आणि चांदी अगदी जवळ असली की तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांची लाट म्हणजे प्लाझ्मॉन ती ऊर्जा वाया जायच्या आधीच पटकन उचलतो, मग पृष्ठभाग खडबडीत असेल तर ती प्रकाश म्हणून बाहेर पडते. म्हणजे फायदा जास्त कुणाला, तर ज्याची एफिशियन्सी आधीच मार खातेय त्याला! चांगल्या निळ्या एलईडीत आतली एफिशियन्सी, म्हणजे जुळलेल्या जोड्यांपैकी किती उजेड देतात ते प्रमाण, आज ८० टक्क्यांच्या वर जाते, १४ पट करायला जागाच कुठेय?

आणि कुठलाही धातू चालतो हेही चूक. त्याच प्रयोगात ॲल्युमिनियमने ८ पट दिलं, सोन्याने निळ्या प्रकाशात काहीच नाही.

खरोखर कण वापरून, करंट देऊन केलेलं काम बघायचं तर २००८ मधलं कोरियातलं बघा, चांदीचे कण एलईडीच्या आतच पुरले होते, उजेड वाढला सुमारे ३२ टक्के.