कशाभिका-मोटर : दोन्ही दिशांचे परिभ्रमण

जिवाणूच्या पेशीपटलात रोवलेले व कशाभिकेला (पोहण्यासाठीच्या शेपटीसारख्या तंतूला) मुळाशी धरून फिरविणारे सुमारे ४५ नॅनोमीटर व्यासाचे प्रथिनयंत्र म्हणजे कशाभिका-मोटर. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या प्रयोगशाळेत विहिरीच्या पाण्याचा लोंबता थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर काही जिवाणू सरळ धावताना, मध्येच कोलांटी घेताना आणि नव्या दिशेने निघताना दिसू शकतात. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायसारख्या जिवाणूत याचे कारण मोटरचा दिशाबदल हे असते. कशाभिका वळवळत नाही, ती फिरते, असे हॉवर्ड बर्ग व रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन व मेल्व्हिन सायमन यांनी कशाभिका काचेला जखडली असता पेशीच गरगरते, हे दाखवून दिले.

मोटरची ऊर्जा एटीपी या पेशीच्या नेहमीच्या ऊर्जावाहक रेणूतून येत नाही. पटलाच्या बाहेरून आत शिरणाऱ्या प्रोटॉनांच्या (व्हिब्रिओ या जिवाणूच्या काही जातींत सोडियम आयनांच्या) ओघावर मोटर चालते. हा ओघ स्थिरकांतून, म्हणजे पटलात पक्के बसून मोटरला फिरविणाऱ्या प्रथिनसंचांतून, वाहतो. प्रत्येक स्थिरकात मॉटए प्रथिनाच्या ५ व मॉटबी प्रथिनाच्या २ प्रती असतात. २०२० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याची रचना उलगडली आणि मॉटएचे कडे मॉटबीभोवती फिरत असावे, तेही बाहेरून पाहता नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच, असे चित्र पुढे आले. म्हणजे दिशा बदलताना आयनांचा ओघ उलटत नाही आणि स्थिरकही उलटा फिरत नाही. मग दिशा बदलते कशी, नेमका हाच प्रश्न पूर्वीच्या अनेक सैद्धांतिक प्रतिकृतींना समाधानकारक सोडविता आला नव्हता.

बदल होतो तो पेशीद्रवाकडील सी-कड्यात. हे कडे फ्लिजी, फ्लिएम व फ्लिएन या प्रथिनांचे असते. एरवी स्थिरक त्याच्या बाहेरच्या कडेला भिडतो, आणि उसाच्या चरकातील शेजारचे दोन रूळ एकमेकांविरुद्ध फिरतात त्याप्रमाणे कडे घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. अशा वेळी ई. कोलायच्या डावखुऱ्या मळसूत्री कशाभिकांची एक जुडी बनते व पेशी सरळ पोहते. परिसर प्रतिकूल होत असल्याचे पेशीच्या ग्राहकांनी (परिसरातील बदल टिपणाऱ्या प्रथिनांनी) टिपले, की चेए हे प्रथिन चेवाय प्रथिनाला फॉस्फेट जोडते. फॉस्फेटयुक्त चेवाय सी-कड्याला चिकटते, फ्लिजीची ठेवण पालटते, कड्याचा व्यास वाढतो आणि आता स्थिरक त्याच्या आतल्या कडेला भिडतो. आतून भिडलेले चाक बाहेरच्या कड्याला आपल्याच दिशेने नेत असल्यामुळे कडे घड्याळाच्या दिशेने फिरू लागते, जुडी सुटते आणि पेशी कोलांटी घेते. सरळ धाव साधारण १ सेकंदाची, तर कोलांटी त्याच्या दशांशाएवढी असते.

दिशाबदल सार्वत्रिक मात्र नाही. गुरांच्या वैरणीसाठी लावल्या जाणाऱ्या लसूणघासाच्या मुळांवर गाठी निर्माण करणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटी या जिवाणूची मोटर केवळ घड्याळाच्या दिशेने फिरते. तो वळतो, ते निरनिराळ्या कशाभिकांचा वेग कमी-अधिक करून.