संक्षुब्ध झोत : वेग व दाबाच्या चढउतारांचे मापन

अरुंद तोंडातून सुटलेला हवेचा किंवा पाण्याचा झोत भोवतालच्या स्थिर हवेत वा पाण्यात शिरला, की त्याच्या कडांना भोवरे उठतात. ते बाहेरची हवा वा पाणी आत ओढतात आणि झोत रुंदावत जातो. अशा संक्षुब्ध, म्हणजे खळबळणाऱ्या झोतात कोणत्याही बिंदूपाशी वेग आणि दाब सरासरीच्या वर-खाली सतत हेलकावत असतात.

गोल तोंडाच्या झोताचा मधला गाभा व्यासाच्या साधारण ४ ते ६ पट अंतरापर्यंत मूळ वेगाने वाहतो. पुढे अक्षावरचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. चढउतार मात्र तिथल्या सरासरी वेगाच्या सुमारे पाव हिश्श्यापर्यंत जातात. प्रवाहाच्या दाबावरून वेग सांगणारी पिटो नळी सरासरीपुरती ठीक. चढउतारांसाठी हवेत तप्त तार वापरतात. सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीची टंगस्टनची तार विजेने तापवून एकाच तापमानाला ठेवतात; वेग वाढला की त्यासाठी जास्त वीज लागते, त्यावरून वेग काढतात. सेकंदाला हजारो बदल ती टिपते, पण प्रवाह उलटल्याचे तिला कळत नाही. झोताच्या कडेला तो अधूनमधून उलटतोच, म्हणून तिथे लेसर डॉप्लर पद्धत, म्हणजे प्रवाहातल्या कणांवरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग काढणे, अधिक भरवशाची.

दाब मोजणे त्याहून अवघड. एका बिंदूवरचा दाब भोवतालच्या साऱ्या प्रवाहावर अवलंबून असतो, शिवाय झोतात घातलेले उपकरण स्वतःच भोवरे उठवते. पृष्ठभागाशी सपाट बसवलेला संवेदक त्यामुळे उत्तम. पाण्यात तो नळीने जोडला, तर नळीतले हवेचे बुडबुडे जलद चढउतार दडपून टाकतात.

नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘मेरी’त, धरणांच्या प्रतिकृतींवर अभ्यास होतो. सांडव्यावरून कोसळणारे पाणीही असाच झोत असतो, आणि त्याखाली हे चढउतार जीवघेणे ठरू शकतात. सरासरी दाब पाहून तळाचा काँक्रीटचा स्लॅब सुरक्षित वाटतो. पण दाबाचा ठोका सांध्यातून खाली शिरला आणि त्याच क्षणी वरचा दाब उतरला, तर स्लॅब उचलला जातो. मेक्सिकोतील मालपासो धरणाखाली असे स्लॅब उखडले होते. म्हणून अनेक जागी एकाच वेळी नोंद घ्यावी लागते. एकाच संवेदकावर विसंबून स्लॅबची जाडी ठरवणे धोक्याचे. वेग व गुरुत्वाकर्षण यांचे नाते मूळ धरणासारखेच राखणाऱ्या फ्रूड नियमाच्या १:३६ प्रतिकृतीत वेग सहाव्या व दाब छत्तिसाव्या हिश्श्याचा येतो, मात्र पाण्यात मिसळणारी हवा या प्रमाणात उतरत नाही.

द्राक्षबागेतला ब्लोअरही संक्षुब्ध झोतच सोडतो. त्याच्या हेलकाव्यांनी पाने फडफडतात आणि औषध पानांच्या खालच्या बाजूलाही पोहोचते. फवाऱ्याचे थेंब तप्त तारेवर बसले की नोंद बिघडते, त्यामुळे तारेने मापन करायचे तर ब्लोअर नुसत्या हवेवर चालवावा लागतो.